प्राध्यापक ऑयगेन श्मालेनबाख यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत व्यवसाय प्रशासन शिकायला जाणारे मराठी विद्यार्थी, जर्मन कंपन्यांच्या हिशेबखात्यांत काम करणारे कॉस्ट अकाउंटंट आणि वाणिज्य शाखेचे शिक्षक यांना ऑयगेन श्मालेनबाख हे नाव कधी ना कधी भेटतेच. बहुतेक वेळा ते एखाद्या नियतकालिकाच्या किंवा संस्थेच्या नावात भेटते, आणि त्यामागचा माणूस अंधारात राहतो. त्यांच्या कारकिर्दीबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

श्मालेनबाख कोण होते?

ऑयगेन श्मालेनबाख (२० ऑगस्ट १८७३ – २० फेब्रुवारी १९५५) हे कोलोन येथील व्यवसाय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मन विद्यार्थी ज्या विषयाला सर्रास ‘बे-वे-एल’ म्हणतात, त्या बेट्रीब्सविर्टशाफ्ट्सलेर म्हणजे व्यवसाय अर्थशास्त्र या विषयाला विद्यापीठात स्थान मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. खर्चाचे हिशेब, ताळेबंदाचा सिद्धान्त, खात्यांची मांडणी, भांडवल उभारणी आणि कंपनीअंतर्गत किंमती या पाच क्षेत्रांत त्यांनी मूलभूत लेखन केले. या पाचांच्या मुळाशी एकच प्रश्न होता, असे माझे मत आहे. वहीतला आकडा कारखाना चालवणाऱ्याला निर्णय घेताना उपयोगी पडतो का, हा तो प्रश्न. आणि तो त्यांना ग्रंथालयात सुचलेला नव्हता.

मग तो कुठे सुचला? त्यांची पार्श्वभूमी काय होती?

त्यांचा जन्म वेस्टफालियातील हाल्फर या गावाजवळच्या, श्मालेनबाख याच नावाच्या वस्तीत झाला. हा डोंगराळ भाग लहानसहान लोखंडी वस्तूंच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. वडिलांचा असाच एक छोटा कारखाना होता, आणि मुलगा उच्च शिक्षणाकडे वळण्यापूर्वी धंद्यातली उमेदवारी करून त्याच कारखान्यात राबला. बड्या घराण्यातून थेट विद्यापीठात गेलेल्या त्या काळच्या सर्वसाधारण जर्मन प्राध्यापकाशी ही वाट जुळत नाही. माल पाठवणे, भाव सांगणे, गिऱ्हाईक हातचे गेले तर का गेले याचा विचार करणे, हे सर्व त्यांनी पुस्तके हाती घेण्याआधीच केलेले होते.

ते कोणत्या विद्यापीठात शिकले?

पहिले शिक्षण विद्यापीठात नव्हे, तर ‘हान्डेल्सहोखशूले’ म्हणजे वाणिज्य महाविद्यालयात झाले. जर्मन विद्यापीठांच्या दृष्टीने जमाखर्च हे कारकुनाचे काम होते, त्याला शास्त्राचा मान नव्हता. त्यामुळे व्यापारी मंडळे आणि शहरे यांनी पुढाकार घेऊन स्वतंत्र महाविद्यालये काढली : लाइपझिग आणि आखेन १८९८, कोलोन आणि फ्रांकफुर्ट १९०१, बर्लिन १९०६. यांपैकी लाइपझिगच्या महाविद्यालयात, ते सुरू झाले त्याच वर्षी, पंचविशीच्या उंबरठ्यावरचे श्मालेनबाख दाखल झाले. व्यापारात उमेदवारी केलेल्यांना तेथे दार उघडे होते. पुढे काही काळ त्यांनी लाइपझिगचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांचे सहायक म्हणून काम केले.

विद्यार्थी असतानाच त्यांनी खर्चावर लेख लिहिले, हे खरे आहे का?

होय. १८९९ मध्ये त्यांनी धातुउद्योगाच्या एका व्यापारी पत्रात कारखान्यातील जमाखर्च आणि किंमत आकारणी या विषयावर लेखमाला लिहिली. उत्पादन वाढले की वाढणारा खर्च आणि उत्पादन कितीही झाले तरी तेवढाच राहणारा खर्च यांची त्यांनी तेथे फोड केली. आज अकरावी-बारावीच्या पुस्तकात स्थिर खर्च आणि बदलता खर्च असे दोन रकाने छापलेले असतात, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. त्या काळच्या कारखानदाराच्या जागी बसून पाहिले की विशेष कळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कुलपांच्या एका कारखान्याचे भाडे, फोरमनचा पगार आणि यंत्रांचा घसारा मिळून महिन्याला १,००० मार्क (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) खर्च होतो, आणि प्रत्येक कुलपाला लोखंड व मजुरी मिळून २ मार्क लागतात. महिन्याला १,००० कुलपे झाली तर एक कुलूप ३ मार्कांना पडते. मंदी येऊन ५०० च कुलपे झाली तर तेच कुलूप ४ मार्कांना पडते. सगळा खर्च नगांत वाटून भाव ठरवणारा मालक मंदीत भाव वाढवतो आणि उरलेले गिऱ्हाईकही घालवून बसतो. अशा वेळी कोणी अडीच मार्क भावाने २०० कुलपे मागितली, तर वहीतल्या ४ मार्कांकडे बोट दाखवून तो ती मागणी परत पाठवील. प्रत्यक्षात त्या २०० कुलपांचा जादा खर्च ४०० मार्क आणि मिळकत ५०० मार्क आहे. म्हणजे हाती येणारे १०० मार्क त्याने हिशेब चोख ठेवण्याच्या नादात सोडले. वहीतील बेरजा बरोबर असूनही वही चुकीचा सल्ला देऊ शकते, ही गोष्ट श्मालेनबाख यांनी पुढची पन्नास वर्षे निरनिराळ्या अंगांनी मांडली.

ते प्राध्यापक कसे झाले?

१९०३ मध्ये कोलोनच्या वाणिज्य महाविद्यालयात त्यांचे ‘हाबिलिटेशन’ झाले, आणि १९०६ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले. हाबिलिटेशन म्हणजे स्वतंत्र अध्यापनाचा अधिकार मिळवण्यासाठी सादर करावयाचे मोठे संशोधन आणि त्याची परीक्षा. त्यांचा विषय होता एकाच कंपनीच्या एका विभागाने दुसऱ्या विभागाला दिलेल्या मालाची किंमत कशी धरावी. प्राध्यापकपदाच्याच वर्षी त्यांनी वाणिज्य संशोधनाला वाहिलेले स्वतःचे नियतकालिक सुरू केले. माझ्या दृष्टीने पदापेक्षा हे नियतकालिक महत्त्वाचे, कारण ज्या विषयाला व्यासपीठ नाही त्याला विद्यापीठात कोणी विचारत नाही, आणि श्मालेनबाख यांचे बहुतेक मोठे विचार आधी तेथेच लेखरूपाने छापले गेले.

वाणिज्य महाविद्यालयांना त्या काळी डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता. १९१९ मध्ये, कोनराड आडेनाउअर महापौर असताना, कोलोनमध्ये विद्यापीठाची पुन्हा स्थापना झाली आणि वाणिज्य महाविद्यालय त्यात सामावले गेले. त्यामुळे पंचेचाळिशी उलटलेले श्मालेनबाख जागा न सोडता विद्यापीठाचे प्राध्यापक झाले.

आज जर्मनीत व्यवसाय प्रशासनाचा प्राध्यापक होण्याची वाट तीच आहे का?

सांगाडा तोच आहे, पायऱ्या बदलल्या आहेत. डॉक्टरेट आता जवळजवळ अपरिहार्य आहे. त्यानंतर एकतर हाबिलिटेशन करायचे, किंवा २००२ च्या सुधारणांनी आणलेल्या ‘युनिओर-प्रोफेसुर’ या मुदतीच्या पदावर काम करायचे, किंवा तितक्याच तोलाचे संशोधन प्रसिद्ध करायचे. पगाराच्या श्रेणी डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ आणि डब्ल्यू-३ अशा आहेत. रिकाम्या जागेसाठी निवड समिती नावांची क्रमवार यादी करते आणि ज्याला बोलावणे येते त्याला ‘रूफ’ म्हणजे हाक आली असे म्हणतात. हाक आलेला माणूस लगेच हो म्हणत नाही. तो सहायकांची संख्या, निधी आणि पगार यांवर बोलणी करतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आपल्याच विद्यापीठातल्या माणसाला थेट वरच्या पदावर बसवू नये असा तेथे दंडक आहे, आणि त्याला अपवाद फार थोडे होतात. त्या कसोटीवर कोलोनमध्येच हाबिलिटेशन करून कोलोनमध्येच प्राध्यापक झालेले श्मालेनबाख आज अडचणीत आले असते.

‘कला की शास्त्र’ हा वाद काय होता?

१९११-१२ मध्ये श्मालेनबाख यांनी आपल्या विषयाला ‘कुन्स्टलेर’ म्हटले. येथे ‘कुन्स्ट’ म्हणजे चित्रकला-संगीत नव्हे. कसब, करण्याची विद्या, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. वैद्यकी जशी रोग्याला बरे करण्याची रीत शोधते, तशी ही विद्या कारखाना काटकसरीने चालवण्याची रीत शोधते, आणि ती रीत प्रत्यक्ष वापरून तपासता येते, अशी त्यांची भूमिका होती. मोरिट्स वायरमान आणि हान्स श्योनिट्स या दोघांनी १९१२ मध्ये याविरुद्ध शुद्ध, निरपेक्ष शास्त्राचा आग्रह धरला. दुसऱ्या बाजूने अर्थशास्त्रज्ञांचा जुना टोमणा होताच की, ही तर नफा कमावण्याची शिकवणी.

या टोमण्याला श्मालेनबाख यांचे उत्तर पुढच्या लेखनात विखुरलेले आहे. मालकाच्या खिशात किती गेले हा आपला प्रश्न नाही, साधनांची नासाडी न करता माल कसा निघेल हा आपला प्रश्न आहे, असे ते म्हणत. उत्तर पटण्यासारखे आहे, पण पुरते नाही. काटकसर आणि नफा यांची फारकत होते तेव्हा कोणाची बाजू घ्यायची, हे त्यातून निघत नाही. १९२८ मध्ये न्यूर्नबेर्गचे प्राध्यापक विल्हेल्म रीगर यांनी नेमके हेच धरले : उद्योग पैसा मिळवण्यासाठीच असतो, शास्त्राने ते समजून घ्यावे, मालकाला सल्ले देत बसू नये. हा वाद मिटला, असे आजही म्हणवत नाही.

‘गतिमान ताळेबंद’ म्हणजे काय?

१९१९ मध्ये प्रथम लेखरूपाने आणि नंतर पुस्तकरूपाने आलेला हा त्यांचा सर्वांत गाजलेला सिद्धान्त. ताळेबंद म्हणजे ठराविक दिवशी मालकाकडे काय आहे आणि देणे किती आहे याची यादी, असे कायदेपंडित मानत. या समजुतीला श्मालेनबाख यांनी ‘स्थिर’ म्हटले. धंदा चालू आहे, तो उद्या मोडून विकायचा नाही, मग विकला तर काय येईल हे विचारून उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते हिशेबाचे मुख्य काम या वर्षी धंदा गेल्या वर्षापेक्षा बरा चालला की वाईट, हे सांगणे. म्हणजे नफातोटा पत्रक आधी, आणि ताळेबंद त्याच्या मदतीला.

समजा, १०,००० मार्कांना यंत्र घेतले आणि ते दहा वर्षे चालणार आहे. वर्षअखेरीस ते बाजारात नेले तर ६,००० सुद्धा येणार नाहीत. म्हणून त्या वर्षी ४,००० मार्कांहून जास्त तोटा झाला काय? कारखान्यात यंत्र ठणठणीत चालू आहे. झिजले ते एक दशांश. पैसे गेले ही एक गोष्ट आणि वस्तू खपली ही दुसरी, आणि या दोन तारखा क्वचितच एक असतात. पैसे गेले पण वस्तू खपली नाही, काम झाले पण पैसे आले नाहीत, अशा अर्धवट राहिलेल्या व्यवहारांना पुढच्या वर्षापर्यंत ठेवण्याची जागा म्हणजे ताळेबंद. श्मालेनबाख त्याला उद्योगाच्या शक्तींचे साठवण म्हणत.

यातून एक धाडसी निष्कर्ष निघतो. नफ्याचा आकडा अगदी अचूक नसला तरी चालेल, पण दरवर्षी तो एकाच मापाने मोजलेला हवा. थोडे कमी दाखवणारा तराजू रोज तेवढेच कमी दाखवत असेल, तर वजन वाढले की घटले हे तो बरोबर सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईच्या वर्षांत हा सिद्धान्त टिकला का?

तेथेच त्याची कसोटी लागली, कारण माप बदलू नये ही अट मार्कच मोडत होता. जुन्या भावाने घेतलेला माल नव्या भावाने विकून कारखाने कागदोपत्री प्रचंड नफा दाखवत होते आणि त्याच पैशात पुन्हा तेवढा माल घेता येत नव्हता. फ्रांकफुर्टचे प्राध्यापक फ्रिट्स श्मिट यांनी १९२१ मध्ये उपाय सुचवला की, खपलेला माल आजच्या भावाने धरावा. श्मालेनबाख यांनी १९२२ मध्ये सोन्याच्या मार्कात, म्हणजे सोन्याशी मूल्य बांधलेल्या मार्कात, ताळेबंद मांडण्याची बाजू घेतली. नोव्हेंबर १९२३ मध्ये नवे चलन आले आणि २८ डिसेंबर १९२३ च्या वटहुकुमाने कंपन्यांना सोन्याच्या मार्कात नव्याने सुरुवातीचे ताळेबंद करावे लागले. तराजू मात्र बदलावा लागला, एवढे श्मालेनबाख यांच्या टीकाकारांच्या पदरात टाकले पाहिजे.

त्यांनी खात्यांना क्रमांक का दिले?

१९२७ च्या ‘कोंटेनरामेन’ म्हणजे खात्यांच्या आराखड्यात त्यांनी सर्व खाती शून्य ते नऊ अशा दहा वर्गांत बसवली. हेतू क्रमांकांचा हौशीपणा नव्हता. दोन कारखान्यांनी ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या असतील तर त्यांची तुलना होत नाही. वर्ग ठरलेले असले की होते. वर्गांचा क्रमही कारखान्यातल्या कामाच्या क्रमाने होता. या घडणीवर बेतलेल्या युद्धोत्तर औद्योगिक आराखड्यात स्थावर मालमत्ता आणि भांडवल शून्यात, रोकड व बँक एकात, कच्चा माल तिनात, खर्चाचे प्रकार चारात, तयार माल सातात, विक्री आठात आणि वर्षअखेरची खाती नवात येतात. जर्मनीत लहान कंपनीचे हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही ‘एस-के-आर ०३’ हा आराखडा ठाऊक असतो. त्याचा क्रम याच कामाच्या ओघाने जाणाऱ्या परंपरेतला आहे.

येथे एक कटू योगायोग नोंदवावा लागतो. १९३७ मध्ये नाझी सरकारने सक्तीचा आराखडा आणला तो श्मालेनबाख यांच्याच पायावर उभा होता, आणि त्या वेळी ते स्वतः विद्यापीठाबाहेर होते.

ते विद्यापीठाबाहेर का गेले?

त्यांच्या पत्नी मारिआन ज्यू घराण्यातील होत्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर श्मालेनबाख यांनी साठीच्या सुमारास अध्यापनातून निवृत्ती पत्करली आणि स्वतः उभ्या केलेल्या नियतकालिकाची सूत्रेही सोडली. त्यांच्या शिष्यांनी आणि उद्योगातील मित्रांनी १९३२ मध्ये काढलेली संघटनाही टिकली नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, नवराबायको बॉनजवळच्या बाड गोडेसबेर्ग येथे एका जुन्या शिष्याच्या घरी लपून राहिले आणि वाचले. याच विषयातील काही प्राध्यापकांनी त्या राजवटीचे उघड स्वागत केले होते, हेही त्या काळाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

१९२८ च्या विएन्ना येथील भाषणाचा इतका गाजावाजा का झाला?

त्या वर्षी विषयाच्या प्राध्यापकांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, मोठ्या यंत्रांमुळे स्थिर खर्चाचा वाटा वाढत चालला आहे. मागणी घटली तरी कारखाना उत्पादन घटवू शकत नाही, कारण बंद यंत्रही तेवढाच खर्च खाते. मग तो भाव पाडून माल काढतो, सगळेच तसे करतात, आणि शेवटी भाव बांधून घेण्यासाठी संगनमत करतात. याप्रमाणे खुली अर्थव्यवस्था कोणी न ठरवताच ‘बांधलेल्या’ अर्थव्यवस्थेत बदलते. कुलपांच्या कारखान्यातले १,००० मार्क येथे देशाच्या पातळीवर गेले आहेत, हे वाचकाच्या लक्षात येईल.

डाव्यांनी यात भांडवलशाहीचा मृत्युलेख वाचला आणि उद्योगपती चिडले. वास्तविक श्मालेनबाख हे खुल्या बाजाराचेच माणूस होते. १९४९ मध्ये त्यांनी खुल्या अर्थव्यवस्थेच्या स्मरणार्थ एक पुस्तकही लिहिले, आणि त्या शीर्षकातली खंत खरी आहे. त्यांचे भाकीत मात्र जसेच्या तसे उतरले नाही, कारण पुढच्या काळात पश्चिम जर्मनीने कायद्याने संगनमताला लगाम घातला.

युद्धानंतर त्यांनी काय केले?

सत्तरी ओलांडल्यावर ते कोलोनमध्ये पुन्हा शिकवू लागले. १९४७ आणि १९४८ मध्ये त्यांनी किंमतींद्वारे कंपनीच्या अंतर्गत कारभाराचे नियमन कसे करावे यावर दोन खंड प्रसिद्ध केले : वरून हुकूम सोडण्याऐवजी विभागांना एकमेकांच्या मालाची योग्य किंमत ठरवून द्यावी, म्हणजे ते आपोआप शहाणे निर्णय घेतील. १९०३ च्या हाबिलिटेशनचाच हा विषय, चव्वेचाळीस वर्षांनी.

गुटेनबेर्ग आणि श्मालेनबाख यांचा संबंध काय?

एरिख गुटेनबेर्ग (१८९७–१९८४) यांना १९५१ मध्ये कोलोनला बोलावण्यात आले आणि ते तेथील परंपरेचे वारस ठरले. त्यांची रीत वेगळी होती : हिशेबाच्या वहीऐवजी उत्पादनाच्या सिद्धान्तापासून त्यांनी विषयाची उभारणी केली, आणि पुढच्या दोन दशकांत जर्मन पाठ्यपुस्तके त्यांच्या साच्यात गेली.

याचा पुण्या-मुंबईतील कॉस्ट अकाउंटंटशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बहुधा रोज स्क्रीनवर असतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सॅप या जर्मन कंपनीच्या संगणक प्रणालीतील खर्चनियंत्रणाचा भाग हान्स-गेओर्ग प्लाउट आणि वोल्फगांग किल्गर यांनी घडवलेल्या जर्मन खर्चलेखनावर आधारलेला आहे, आणि त्या पद्धतीचा पाया स्थिर व प्रमाणात बदलणारा खर्च वेगळा ठेवणे हा आहे. चाकण-पिंपरीच्या कारखान्यात कॉस्ट सेंटरचे (ज्या विभागावर खर्च नोंदवला जातो त्याचे) नियोजन भरताना प्रणाली प्रत्येक रकमेसाठी ‘स्थिर’ आणि ‘बदलता’ असे दोन रकाने का मागते, हा प्रश्न नव्या मुलांना हमखास पडतो. मी तरी त्यांना कुलपांचे उदाहरण देतो.

त्यांचे नाव आज कोठे आढळते?

त्यांनी १९०६ मध्ये काढलेले नियतकालिक १९६४ मध्ये नाव बदलून पुढे चालू राहिले आणि आजही त्यांच्याच नावाने निघते. उद्योग आणि विद्यापीठ यांना जोडणारी श्मालेनबाख-गेझेलशाफ्ट ही संस्था कार्यरत आहे. त्यांच्या जन्मगावच्या परिसरात त्यांच्या नावाचे व्यवसायशिक्षण विद्यालय आहे; तेथे उमेदवारी करणारी मुले कामाच्या दिवसांत कारखान्यात आणि उरलेल्या दिवसांत वर्गात असतात.